शिकलेला स्वर आणि राखलेला स्वर : पक्षिगान व श्रवण यांच्या अभ्यासाचा इतिहास, कर्जत-खालापूरच्या पक्ष्यांच्या संदर्भात

रायगड जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या कड्याखाली, कर्जत व खालापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. राजमाचीच्या डोंगरातून उतरणारी उल्हास नदी कर्जतवरून उत्तरेकडे जाते. खोपोलीकडची पाताळगंगा पश्चिमेस वळते. माथेरानचा डोंगर याच मुलखात आहे. इ. स. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे खालापूरपैकी चौक गावाहून तो चढून गेले, आणि पुढे तेथे गिरिस्थान वसले. पहिल्या पावसानंतर या डोंगरांतील ओढे वाहू लागले, की पहाटेच्या अंधारात मनुष्याने घातलेल्या शिळेसारखी एक लांब, रेंगाळणारी, मध्येच सूर बदलणारी शीळ ऐकू येते. ती शीळकरी कस्तुराची. इंग्रज रहिवाशांनी या पक्ष्यास ‘शीळ घालणारा शाळकरी पोर’ असे नाव दिले होते. धड चालीवर न येणारी, तरी चालीची आठवण करून देणारी ती शीळ ऐकली म्हणजे ते नाव किती यथार्थ आहे हे पटते.

याच सुमारास खालच्या भातखाचरांच्या बाजूने पावशाची हाक चालू असते. ‘पेरते व्हा’ असे तो सांगतो, हा अर्थ शेतकऱ्यांनी त्या हाकेस पिढ्यान् पिढ्या दिलेला आहे. पावशा आणि कस्तूर या दोघांचे स्वर एकाच दरीत मिसळतात. परंतु ते स्वर त्या पक्ष्यांपाशी येतात कोठून, असा प्रश्न केला असता दोघांची उत्तरे अगदी भिन्न निघतात. पावशाचा स्वर जन्मजात होय. कस्तूर ज्या गायक पक्ष्यांच्या गणात मोडतो, त्या गणाचे गाणे कानांनी मिळवावे लागते. इतकेच नव्हे, तर त्यांपैकी निदान काही जातींना ते कानांनीच राखावेही लागते. ‘मिळवणे’ आणि ‘राखणे’ ही दोन कार्ये निराळी आहेत हे ध्यानी येण्यास शास्त्राला बराच काळ लागला. तो काळ का लागला, हा या इतिहासातील सर्वांत उद्बोधक भाग आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा पहिला धागा कोकिळेपाशी सापडतो. कोकिळेस संस्कृत वाङ्मयात ‘परभृत’ म्हटले आहे. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे जुन्या कवींना पक्के ठाऊक होते. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंताच्या तोंडी याचा स्पष्ट उल्लेख येतो. काळ्या कावळ्याच्या घरी वाढलेला काळा कोकीळ वसंत येताच आपल्याच जातीचा स्वर काढतो, हा सुभाषितकारांचा आवडता विषय होता. स्वर जातीचा, संगतीचा नव्हे, असे अनुमान त्यात गर्भित आहे. पावशाही असाच, तो सातभाईंच्या घरट्यात वाढतो आणि सातभाईंचा कलकलाट मुळीच उचलत नाही.

अनुमान बरोबर होते, तथापि पुरावा निर्णायक नव्हता. कावळ्याच्या घरट्यातील कोकिळेचे पिल्लू काही बहिरे नसते. ज्या आंब्यावर ते वाढते त्याच्या भोवताली इतर कोकीळ ओरडतच असतात, तेव्हा पिल्लाने आपला स्वर त्यांच्याकडून घेतला नाही हे कशावरून? शिवाय कोकिळेपुरते खरे असलेले सर्व पक्ष्यांस लागू करण्याचा मोह त्या अनुमानात आहे. कर्जतच्या पूर्वेकडील रानांत आढळणारा, शेपटीला दोन लांब पिसांची टोके असलेला भृंगराज दहा पक्ष्यांच्या नकला करतो. ही साधी गोष्टच त्या मोहास पुरेसे उत्तर होती. पण भृंगराजाला कवींच्या सभेत कोकिळेचे स्थान कधी मिळाले नाही.

पद्धतशीर परीक्षण प्रथम इंग्लंडात झाले. डेन्स बॅरिंग्टन या विधिज्ञाने १७७३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात पक्ष्यांच्या गायनावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लिनेट या लहान पक्ष्याची पिल्ले घरट्यातून काढून त्याने ती निरनिराळ्या जातींच्या चंडोलांजवळ वाढविली, आणि ती पिल्ले चंडोलांचे गाणे गाऊ लागली. विशेष हे की, अशा रीतीने परके गाणे शिकलेला एक लिनेट पुढे स्वजातीयांच्या सहवासात ठेवला असतानाही आपल्या पहिल्या गाण्यास चिकटून राहिला. पक्ष्यांचे सूर हे मनुष्याच्या भाषेइतकेच संगतीने येतात, असा निष्कर्ष बॅरिंग्टनने काढला. त्याच्या विनंतीवरून सुप्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर यांनी काही पक्ष्यांच्या कंठाचे विच्छेदन केले, व उत्तम गाणाऱ्या पक्ष्यांत कंठाचे स्नायू अधिक बळकट असल्याचे दाखविले. म्हणजे कंठापर्यंत शोध पोचला होता. मेंदूपर्यंत पोचण्यास आणखी दोन शतके जावयाची होती. पुढे १८७१ मध्ये डार्विनने मानववंशावरील आपल्या ग्रंथात बॅरिंग्टनचा आधार घेऊन भाषा व पक्षिगान यांचे साम्य मांडले : दोहोंत प्रवृत्ती उपजत, पण प्रत्यक्ष विद्या शिकून घ्यावी लागते.

या प्रयोगांत एक मोठी उणीव होती. ऐकलेले गाणे आणि शिकलेले गाणे यांची तुलना केवळ परीक्षकाच्या कानावर व स्मरणावर अवलंबून होती. ध्वनी साठविण्याची सोय झाल्यावर ही उणीव भरून निघू लागली, आणि त्या कथेचा आरंभ योगायोगाने एका भारतीय पक्ष्यापासून होतो. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथे १८८९ मध्ये लुटविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर आपल्या पिंजऱ्यातील शामा पक्ष्याचा आवाज मुद्रित केला. पक्ष्याच्या गाण्याचे हे आज ज्ञात असलेले पहिले ध्वनिमुद्रण होय. शामा हा सह्याद्रीच्या दाट झाडीतलाही रहिवासी. माथेरानच्या उतारांवर, बांबूच्या बेटांत त्याचा समृद्ध स्वर ऐकू येतो, आणि त्या स्वरापायीच तो शतकानुशतके पिंजऱ्यात बंद होत आला.

मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पश्चिम भारतातील पक्ष्यांचा अभ्यास पुढे नेला. सालीम अली यांनी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील किहीम येथे १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या संसाराचे केलेले निरीक्षण प्रसिद्धच आहे. त्यांनी व हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांची तपशीलवार सूची छापली. पुढे सालीम अली व डिलन रिप्ली यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडला. या वाङ्मयात प्रत्येक पक्ष्याच्या आवाजाचे वर्णन आहे, पण ते अक्षरांत व उपमांत. कस्तुराचे पिल्लू पाळले तर ते अख्खी धून शिकते, अशी मोलाची नोंदही पक्षिविषयक साहित्यात सापडते. परंतु ती नोंद म्हणूनच राहिली. कोणता पक्षी कोठे, केव्हा व किती, हे त्या पिढीपुढील प्रश्न होते. सूचीच नव्हती तेव्हा तो क्रम अपरिहार्य होता. गाणे कसे घडते हा प्रश्न त्या पिढीने टाळला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो तिच्यापुढे आलाच नाही.

तो पुढे आला केंब्रिजमध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ध्वनीचे चित्र कागदावर उमटविणारे स्पेक्ट्रोग्राफ हे यंत्र सिद्ध झाले होते. प्रा. विल्यम थॉर्प यांनी ते चॅफिंच पक्ष्याच्या गाण्यास लावले, आणि १९५४ व १९५८ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. स्वजातीयांचे गाणे न ऐकता एकट्याने वाढविलेला चॅफिंच गातो, पण त्याचे गाणे साधे, ओबडधोबड असते. लांबी साधारण बरोबर, घडण मात्र हरवलेली. शिकण्याचा एक ठरावीक काळ असतो, तो लोटल्यावर नवे गाणे सहसा येत नाही. थॉर्प यांचे शिष्य पीटर मार्लर कॅलिफोर्नियात गेले. तेथील पांढऱ्या डोईच्या चिमणीच्या गाण्यात गावोगावच्या बोलीसारखे भेद आहेत, आणि ते भेद पिल्ले ऐकून उचलतात, हे त्यांनी व तामुरा यांनी १९६४ मध्ये दाखविले.

मार्लर यांचे विद्यार्थी मासाकाझू कोनिशी यांनी विचारलेला प्रश्न अधिक खोल होता. पिल्लू गाणे ऐकते हे ठीक. पण स्वतः गाऊ लागताना त्याला स्वतःचा आवाज ऐकावा लागतो काय? त्यांनी चिमण्यांचे आंतरकर्ण काढून त्यांस बधिर केले. प्रयोग क्रूर होता हे नाकारण्यात अर्थ नाही. या क्षेत्रातील अनेक मूलभूत निष्कर्ष अशाच प्रयोगांवर उभे आहेत. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पिल्लाने गुरूचे गाणे नीट ऐकलेले असले, तरी गावयास लागण्यापूर्वी ते बधिर झाले तर त्याचे गाणे विस्कटते. एकाकी वाढलेल्या, पण ऐकू येणाऱ्या पिल्लाच्या गाण्याहूनही ते अधिक बिघडलेले असते. यावरून शिकण्याच्या दोन पायऱ्या स्पष्ट झाल्या. प्रथम गुरूच्या गाण्याचा नमुना स्मरणात ठसतो. पुढे, कित्येकदा काही महिन्यांनी, पक्षी बोबडे गाऊ लागतो व स्वतःचा प्रत्येक सूर त्या नमुन्याशी ताडून पाहतो. कान दोन्ही वेळा लागतो, पण एकदा दुसऱ्यासाठी आणि एकदा स्वतःसाठी.

याच कोनिशींनी त्यापूर्वी, १९६३ मध्ये, कोंबड्या बधिर करून पाहिल्या होत्या. त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही. पुढे होल्यांच्या बाबतीतही तेच दिसले. १९९१ मध्ये क्रुड्स्मा व कोनिशी यांनी फीबी या अमेरिकन पक्ष्यावर हाच प्रयोग केला. हा पक्षी झाडावर बसून गातो, परंतु खऱ्या गायक गणाच्या बाहेरचा. बधिर पिल्लानेही त्याचे नेहमीचे गाणे बिनचूक म्हटले. कवींच्या परभृताला शास्त्राची पुस्ती मिळाली ती अशी आडवाटेने. कोकीळ व पावशा हे गायक गणाचे नव्हेत. कावळा मात्र, त्याच्या कर्कश कंठाकडे पाहून कोणाचा विश्वास बसो वा न बसो, गायक गणातच मोडतो.

आता मुख्य वळणाकडे यावयाचे. पूर्ण वाढलेल्या, गाणे पक्के झालेल्या चिमण्या कोनिशींनी बधिर केल्या तेव्हा त्यांचे गाणे दीर्घकाळ जवळजवळ तसेच राहिले. त्यावरून, एकदा गाणे बसले की कानाचे काम संपले, अशी समजूत रूढ झाली. आपल्या गायकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर तालीम कानाने घ्यावयाची, पण रियाजाला कान नको! कोणाही गवयाला ही कल्पना चमत्कारिक वाटली असती. तरी ती सुमारे पाव शतक टिकली. तिच्या मुळाशी प्रयोगातील दोष नव्हता. निवडलेल्या जातीचा विशेष सर्व गायक पक्ष्यांवर लादला गेला होता. कोकिळेवरून सर्व पक्ष्यांविषयी बोलणारे सुभाषितकार आणि चिमणीवरून सर्व गायकांविषयी बोलणारे प्रयोगकार यांची तर्कपद्धती येथे एकच आहे.

मधल्या काळात मेंदूचा शोध लागत होता. फर्नांदो नॉटेबोम व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये कॅनरी पक्ष्याच्या मेंदूत गाण्याचे स्वतंत्र पेशीपुंज दाखविले. त्यांपैकी एचव्हीसी या नावाने ओळखला जाणारा पुंज दोन्ही बाजूंनी नष्ट केला, तर नर गाण्याचा पवित्रा घेतो, गळाही हालवितो, पण गाणे उमटत नाही. एचव्हीसीपासून आरए या पुंजाकडे आणि तेथून श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या कंठाकडे आज्ञा जातात. हा झाला गाण्याचा सरळ मार्ग. त्याच्या जोडीला मेंदूच्या पुढील भागातून वळसा घेऊन आरएपाशी येणारा दुसरा मार्ग आहे. एलमॅन व एरिया एक्स ही त्यातील मुख्य ठाणी. बॉटजर प्रभृतींनी १९८४ मध्ये झेब्रा फिंचमध्ये दाखविले, की एलमॅन नष्ट केल्यास शिकणाऱ्या पिल्लाचे गाणे बिघडते, प्रौढाचे बिघडत नाही. हा पुरावाही वरकरणी जुन्या समजुतीस अनुकूलच होता.

ती समजूत १९९२ मध्ये ढासळली. नॉर्डीन दांपत्याने प्रौढ झेब्रा फिंच बधिर केले, तेव्हा त्यांचे पक्के गाणे आठवड्यांगणिक विस्कटत गेले. १९९७ मध्ये ओकानोया व यामागुची यांनी, आणि स्वतंत्रपणे वूली व रूबेल यांनी, बेंगाली फिंचवर तोच प्रयोग केला. येथे बिघाड दिसण्यास काही दिवसच लागले. १९९९ मध्ये लिओनार्दो व कोनिशी यांनी कान शाबूत ठेवून, पक्षी गात असताना संगणकाच्या साहाय्याने त्याच्या कानावर पडणारा आवाज विकृत केला. गाणे हळूहळू मोडले, आणि विकृती थांबविल्यावर काही महिन्यांत पूर्ववत् झाले. ज्या कोनिशींच्या चिमण्यांवरून जुनी समजूत रूढ झाली, त्यांच्याच सहभागाने तिला हा तडा गेला, ही या इतिहासातील एक सुंदर घटना आहे. पुढच्याच वर्षी ब्रेनार्ड व डूप यांनी अधिक आश्चर्यकारक गोष्ट दाखविली. प्रौढ पक्षी बधिर केला, पण त्याचबरोबर त्याचा एलमॅनही काढला, तर गाणे बिघडत नाही! म्हणजे गाणे आपोआप झिजत नाही. तो वळसा-मार्गच ते बदलीत असतो. ऐकू येणाऱ्या पक्ष्यात तो दुरुस्ती करतो. बधिर पक्ष्यात त्याच्या दुरुस्तीस आधार उरत नाही.

सोबर व ब्रेनार्ड यांनी २००९ मध्ये बेंगाली फिंचच्या डोक्यावर इवलेसे श्रवणयंत्र बसवून त्याचा स्वतःचा आवाज त्यास अर्धस्वराने, म्हणजे षड्जापासून कोमल ऋषभापर्यंतच्या अंतराने, सरकवून ऐकविला. दोन आठवड्यांच्या अवधीत पक्ष्याने आपला सूर उलट दिशेस सरकविला. पुढे २०१२ मध्ये त्यांना असे आढळले, की चूक कोमल गांधाराइतकी मोठी भासविली तर दुरुस्ती प्रमाणाने फारच कमी होते. आपल्या नेहमीच्या सुरापासून इतका दूरचा सूर पक्षी जणू आपला मानावयास तयार नसतो. बेसुराची जाणीव मेंदूत कोणत्या रूपाने होते यावर विक्रम गडगकर, जेसी गोल्डबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रकाश टाकला. झेब्रा फिंचच्या गाण्यातील एखादा सूर मुद्दाम बिघडवून ऐकविताच एरिया एक्सकडे जाणाऱ्या डोपामीन-पेशींची क्रिया मंदावते, आणि बिघाड अपेक्षित असताना सूर नीट लागला तर ती वाढते.

या साऱ्या संशोधनात वारंवार येणारा बेंगाली फिंच हा पक्षी बंगालचा नाही, आणि रानातलाही नाही. पांढऱ्या पाठीची मनोली ही त्याची मूळ रानटी जात. ती चीनमधून अठराव्या शतकात जपानात नेली गेली, आणि पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या वाढून तिचा हा पाळीव वाण झाला. हीच मनोली, दक्षिण भारतातील वेगळ्या उपजातीच्या रूपाने, कर्जत-खालापूरच्या खाचरांच्या कडेला, कारवी व झुडपांच्या रानात लहान थव्यांनी हिंडते. तिचे गाणे कस्तुराच्या पासंगालाही लागत नाही. दहा पावलांवरून ते ऐकूही येणार नाही असे पुटपुटणे ते. तेव्हा कान गाणे राखतो हे ज्या जातीने सर्वांत ठळकपणे दाखविले, ती जात या डोंगरांत सर्वांच्या डोळ्यांसमोर, आणि सर्वांच्या कानांआड, राहत आलेली आहे.

पाळीव वाण व रानटी मनोली यांत भेदही आहे, आणि तो प्रस्तुत विषयास महत्त्वाचा आहे. ओकानोया व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोहोंची तुलना केली. पाळीव नराचे गाणे गुंतागुंतीचे, सुरांचा क्रम बदलणारे. रानटी नराचे साधे व ठरीव क्रमाचे. पिल्लांची अदलाबदल करून पाहिली असता (२०१०) रानटी पिल्ले स्वतःच्या वाणाचे गाणे अधिक नेमके उचलतात, पाळीव पिल्ले दोन्हीही सारख्याच सहजतेने, असे दिसले. मग कानावरील जो तीव्र अवलंब पाळीव वाणात दिसतो, तो रानटी मनोलीसही तितकाच लागू करणे म्हणजे चिमणीच्या बाबतीत झालेली घाई पुन्हा करणे होय.

भारतात हा अभ्यास आता घाटाच्या पलीकडेच चालतो. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत राघव राजन यांची प्रयोगशाळा झेब्रा फिंचच्या गाण्याचा आरंभ कसा होतो याचा शोध घेते. हा पक्षी मुख्य गाण्यापूर्वी काही आखूड स्वर पुन्हा पुन्हा काढतो. त्यांतील अंतर कमी होत जाते आणि मग गाणे सुरू होते. गवई तंबोरा जुळवून सूर लावून पाहतो, तसा हा पक्षी आपला आवाज कानाने तपासत असावा, अशी कल्पना साहजिक आहे. राव, कोजिमा व राजन यांनी २०१९ मध्ये ती तपासली. बधिर पक्ष्यांतही हे प्रारंभीचे स्वर त्याच क्रमाने पुढे सरकतात. कंठाच्या मज्जा तोडल्या तरीही. म्हणजे तंबोऱ्याची उपमा येथे लागू पडत नाही. गाण्याच्या काही अंगांस कान क्षणोक्षणी लागत नाही. मेंदू स्वतःच्या अंतर्गत तयारीने तेथवर पोचतो.

प्रयोगास परदेशी झेब्रा फिंच घेण्याची सोय उघड आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ ची त्याची दुरुस्ती यांमुळे देशी पक्षी पकडण्यास व विकण्यास मनाई आहे, आणि शामा, कस्तूर, मनोली यांच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु रानातील गाणे मुद्रित करण्यास पक्षी हाती धरावा लागत नाही. व्ही. व्ही. रॉबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण सह्याद्रीच्या उंच शिखरांवरील पक्ष्यांची गाणी अशा रीतीने तपासून, खोल खिंडींनी विभागलेल्या समूहांच्या गाण्यांत भेद असल्याचे २०१६ मध्ये दाखविले. माथेरानचे पठार आणि समोरचा राजमाची-खंडाळ्याचा कडा यांच्यामध्ये उल्हासचे रुंद खोरे आहे. दोन्हीकडचे कस्तूर पावसाळ्यातील चार महिने गातात. एकाच ओढ्यावरील एकाच नराची शीळ वर्षानुवर्षे मुद्रित केली, तर ती किती स्थिर राहते आणि दोन काठांच्या शिळांत अंतर किती, हे स्पेक्ट्रोग्राफच्या कागदावर मोजता येईल. तालीम आणि रियाज यांचा हिशेब त्यात वेगवेगळा मांडलेला असेल.